मेम्ब्रेनमधल्या एन्झाइमला पामिटेट चिकटलं की नक्की काय बदलतं? पत्ता की काम?

पाषाणकर
नमस्कार मंडळी. विषय जरा किचकट आहे (पामिटेट म्हणजे प्रोटीनला चिकटणारं एक फॅटी अ‍ॅसिड), पण इथे पुण्यातल्या एनसीसीएस, आयसर, एनसीएल, विद्यापीठ अशी सगळीकडची जनता वावरते, म्हणून इथेच धागा काढतोय.

माणसाच्या पेशीतलं एक मेम्ब्रेन एन्झाइम धरा. सहा हेलिक्स मेम्ब्रेनमधून आरपार, आणि सायटोसोलच्या बाजूच्या लूपमध्ये मेम्ब्रेनला लागूनच दोन सिस्टीन (पामिटेट चिकटतं ते याच अमिनो आम्लावर). स्विसपाम या पामिटेटवाल्या प्रोटीन्सच्या यादीत नाव सापडतं. दोन्ही सिस्टीनच्या जागी सेरीन घातलं, म्हणजे पामिटेटला जागाच नाही ठेवली, की पेशीत होणारं प्रॉडक्ट निम्म्यावर येतं. पण त्याच पेशी फोडून ट्रायटन या डिटर्जंटमध्ये अ‍ॅसे लावला तर व्हीमॅक्स आणि केएम (कमाल वेग, आणि निम्म्या वेगाला लागणारं सब्स्ट्रेट) जसेच्या तसे. मग ‘पामिटेट फक्त पत्ता ठरवतं, कामाशी संबंध नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं का?

दुसरा प्रश्न. चिकटलंय हे दाखवायला अ‍ॅसिल-बायोटिन एक्स्चेंज, अ‍ॅसिल-रॅक आणि अ‍ॅसिल-पेग यांतलं एकच परवडणार आहे. तिन्हींत आधी मोकळे सिस्टीन ब्लॉक करायचे, मग हायड्रॉक्सिलअमाइनने पामिटेट काढायचं आणि सुटलेल्या सिस्टीनला अनुक्रमे बायोटिन, मणी किंवा पेग (लांब पॉलिमर) जोडायचा. कुठलं?

शनिवारपेठी
रुमाल टाकून ठेवतो.

थायोएस्टर_ताई
पहिल्या प्रश्नाचं क्लासिक उदाहरण ईएनओएस, रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम. टोकाच्या ग्लायसीन-२ वर मिरिस्टेट, मग सिस्टीन-१५ आणि सिस्टीन-२६ वर पामिटेट. पामिटेट लावणारं एन्झाइम डीएचएचसी-२१ (लावणाऱ्यांचं घराणंच डीएचएचसी). सिस्टीन काढली की एन्झाइम गॉल्जी आणि कॅव्हिओलीवर (मेम्ब्रेनच्या छोट्या खळग्यांवर) नीट बसत नाही, पेशीतून नायट्रिक ऑक्साइड कमी निघतं. पण शुद्ध एन्झाइम ट्यूबमध्ये घेतलं तर कॅटॅलिसिसला धक्का लागत नाही. म्हणजे पाषाणकरांच्या एन्झाइमसारखंच.

त्यातली एक खोच लक्षात ठेवा. ईएनओएसमध्ये ग्लायसीन-२ चं अ‍ॅलनीन केलं तर मिरिस्टेट जातंच, पण पामिटेटही जातं, कारण डीएचएचसी एन्झाइम्स मेम्ब्रेनमध्ये असतात आणि आधी मिरिस्टेटच्या जोरावर तिथवर पोचावं लागतं. त्यामुळे त्या म्यूटंटवरून ‘मिरिस्टेटचा परिणाम’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

नवख्यांसाठी: मिरिस्टेट १४ कार्बनचं, अमाइड बंधाने लागतं, प्रोटीन तयार होत असतानाच, आणि व्यवहारात कायमचं. पामिटेट १६ कार्बनचं, सिस्टीनवर थायोएस्टर बंधाने, नंतर कधीही लागतं आणि काढताही येतं. नुसतं मिरिस्टेट म्हणजे पीएमटीच्या दारात लटकलेला प्रवासी. पुढच्या वळणावर खाली. पामिटेट मिळालं की आत सीट.

अतिशहाणा
ताई, पीएमपीएमएल. पीएमटी जाऊन जमाना झाला.

थायोएस्टर_ताई
नाव बदललं, लटकणं तेच.

मायसेल_नको
ईएनओएसचं उदाहरण इथे चालवू नका. ईएनओएसमध्ये आरपार हेलिक्स नाहीत, ते मेम्ब्रेनला बाहेरून चिकटतं. तिथे पामिटेट काढलं की पत्ता बदलणारच. इथे सहा हेलिक्स आहेत, पामिटेट असो नसो, प्रोटीन मेम्ब्रेनमध्येच राहणार. मग पामिटेट तिथे करतंय काय? लूप मेम्ब्रेनकडे ओढून घेणं, हेलिक्सचा कल बदलणं, शेजारच्या प्रोटीनशी किंवा कोलेस्टेरॉलशी गाठ घालून देणं. यातलं काहीही ट्रायटनमध्ये दिसणार नाही, कारण एक टक्का ट्रायटन घातलं की लिपिड बायलेयर संपला. पामिटेटला रुतायला जागाच उरली नाही तर फरक कुठून दिसणार? ‘व्हीमॅक्स तसाच’ हा निकाल एन्झाइमचा नाही, डिटर्जंटचा आहे.

करायचं ते असं. पेशी हायपोटोनिक बफरमध्ये डाउन्सने फोडा, ८०० ते १००० जीला न्यूक्लिअस खाली बसवा, वरचं १,००,००० जीला एक तास फिरवा. पेलेट सुक्रोज असलेल्या बफरमध्ये, बिनडिटर्जंट. अ‍ॅसे त्या मेम्ब्रेनवर लावा. सब्स्ट्रेट आत शिरत नसेल तर अ‍ॅलामेथिसिनने भोकं पाडा, यूजीटीवाले मायक्रोसोमवर हेच करतात. त्यातही वाइल्ड टाइप आणि म्यूटंट सारखेच आले तर मग ‘पत्ता’ म्हणा.

पाषाणकर
@मायसेल_नको, मुद्दा पटला. पण सेरीन म्यूटंटमुळे लूपच वाकडा झाला असेल तर? मेम्ब्रेनवर फरक दिसला तरी तो पामिटेटचाच, हे कसं सांगायचं?

मायसेल_नको
त्यासाठी वाइल्ड टाइपच घ्यायचं आणि त्याच्यावरचं पामिटेट काढायचं. तीच मेम्ब्रेन, तेच प्रोटीन, अर्ध्या ट्यूबांत पामिटेट काढणारं शुद्ध केलेलं एन्झाइम, एपीटी-१ किंवा एपीटी-२, अर्ध्यांत त्याचंच मेलेलं रूप, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह साइटच्या सेरीनचं अ‍ॅलनीन केलेलं. ३७ अंशाला ठेवा, मग अ‍ॅसे. त्याच ट्यूबमधून थोडं काढून पामिटेट खरंच गेलं का ते पेगने तपासा. एपीटी दर वेळी काम करेलच असं नाही, काही प्रोटीन्सना एबीएचडी-१७ हे दुसरं काढणारं एन्झाइम लागतं. हायड्रॉक्सिलअमाइन टाकून पामिटेट काढू आणि मग अ‍ॅसे करू, हा विचार मात्र डोक्यातून काढा. ०.७ मोलर हायड्रॉक्सिलअमाइन तुमच्या एन्झाइमला, कोफॅक्टरला, सगळ्यांनाच भिडेल.

कार्बनचोर
सोपा उपाय आहे की. २-ब्रोमोपामिटेट १०० मायक्रोमोलर, रात्रभर. झालं.

थायोएस्टर_ताई
@कार्बनचोर, कृपा करा. २-ब्रोमोपामिटेट डीएचएचसी अडवतं हे खरं, पण एपीटी-१ आणि एपीटी-२ लाही अडवतं, म्हणजे लावणारेही बंद आणि काढणारेही बंद. शिवाय भलत्याच प्रोटीन्सना कायमचं चिकटतं आणि फॅटी अ‍ॅसिडचं ऑक्सिडेशन बिघडवतं. तुमचं एन्झाइम लिपिडशी संबंधित असेल तर निकालाचा काहीही अर्थ लावता येईल. पहिली झलक म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही.

कार्बनचोर
बरं बरं. पण छापून येणाऱ्या निम्म्या पेपरांत तेच असतं.

अतिशहाणा
निम्मे पेपर हा पुरावा असता तर आपण सगळे बिनकामाचे झालो असतो.

जेल_आणि_जिलबी
दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तिथेच माणसं आपटतात. एकच करायचं असेल तर अ‍ॅसिल-पेग. कारण बायोटिन एक्स्चेंज आणि रॅक ‘आहे किंवा नाही’ एवढंच सांगतात. दहा टक्के रेणूंवर पामिटेट असलं तरी रॅकमध्ये छान काळी पट्टी येते आणि आपण नाचतो. पेगमध्ये एका सिस्टीनमागे एक पेग, म्हणून ० पामिटेट, १ पामिटेट, २ पामिटेट असे वेगवेगळे बँड पडतात आणि प्रमाण मोजता येतं. पाषाणकरांच्या प्रश्नाला प्रमाणच लागणार आहे. बाहेरून भरमसाट एक्स्प्रेस केलेल्या प्रोटीनला पेशीतलं डीएचएचसी पुरत नाही. वाइल्ड टाइपवरच पामिटेट दहा टक्के असेल तर म्यूटंटशी तुलना करून काय मिळणार?

कृती:

लायसिस ट्रायएथेनॉलअमाइन बफर, पीएच ७.३, ४ टक्के एसडीएस, ५ मिलिमोलर ईडीटीए, प्रोटिएज इन्हिबिटर. डीएनएमुळे चिकट झालं तर न्यूक्लिएज किंवा सोनिकेशन. प्रत्येक ट्यूबला २०० ते ३०० मायक्रोग्रॅम प्रोटीन.

टीसीईपी १० मिलिमोलर, अर्धा तास. डायसल्फाइड सुटायला हवेत. इथे डीटीटी वापरू नका. डीटीटी थायोल आहे, थायोएस्टरवर हल्ला करतं आणि पामिटेट काढतं.

एन-एथिलमॅलिमाइड (एनईएम, मोकळे सिस्टीन ब्लॉक करायला) २५ मिलिमोलर, दोन तास. ताजं, इथेनॉलमध्ये. एक मोलर म्हणजे मिलीला १२५ मिलिग्रॅम. पाण्यात करून ठेवलेलं एनईएम हळूहळू हायड्रोलाइझ होतं, पीएच जितका चढा तितकं लवकर. पीएच ८ च्या वर गेलं की अमीनलाही चिकटायला लागतं.

मग मेथॅनॉल-क्लोरोफॉर्म-पाणी, तीन वेळा. प्रोटीनची पांढरी चकती दोन थरांच्या मध्ये तरंगते. वरचा थर काढताना टिप तिला लागू द्यायची नाही.

हायड्रॉक्सिलअमाइन ०.७५ मोलर, पीएच ७.३, एक तास. कंट्रोलला तितकंच मीठ. पुन्हा एकदा प्रेसिपिटेशन, मग मिथॉक्सी-पेग-मॅलिमाइड १ मिलिमोलर, दोन तास, आणि शेवटचं प्रेसिपिटेशन.

५ केडीएचा पेग जेलवर १० केडीएसारखा सरकतो, घाबरू नका.

पेलेट_हरवली
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). जेलदादा, तिसऱ्या प्रेसिपिटेशननंतर पेलेट विरघळतच नाही त्याचं काय?

जेल_आणि_जिलबी
जास्त वाळवलेली असते. क्लोरोफॉर्मचा वास गेला की थांबायचं, खडखडीत होईपर्यंत स्पीडव्हॅकमध्ये ठेवायची नाही. ४ टक्के एसडीएस घालून ३७ अंशाला हलवा, बाथ सोनिकेटरमध्ये थोडं धरा. ९५ अंशाला उकळू नका. सहा हेलिक्सवालं प्रोटीन उकळलं की एकमेकांत गुंतून जेलच्या विहिरीतच अडकून बसतं. लोडिंगसाठीसुद्धा ३७ अंश, १५ मिनिटं.

दुसरं कारण पोटॅशियम. खाली बघा, कुणीतरी लिहीलच.

मिठाचा_खडा
लिहितो. पोटॅशियम डोडेसिल सल्फेट पाण्यात विरघळत नाही. पीबीएसमध्ये थोडं पोटॅशियम असतंच, त्याने थोडं गढूळ होतं. खरा घोळ हायड्रॉक्सिलअमाइनमध्ये. ते हायड्रोक्लोराइड म्हणून येतं, पाण्यात टाकलं की आम्लधर्मी. कुणीतरी हाताशी आहे म्हणून केओएचने पीएच वर आणतं, आणि एसडीएसमधल्या नमुन्यात घातल्याक्षणी ट्यूबमध्ये दही लागतं. सोडियम हायड्रॉक्साइडच वापरा.

आकडे: १० मिली २ मोलरसाठी १.३९ ग्रॅम हायड्रोक्लोराइड. साधारण ६ मिली पाण्यात विरघळवा, बर्फात ठेवा, १० नॉर्मल एनएओएच थेंबथेंब. जवळपास २ मिली लागतं, म्हणून आधीच १० मिलीपर्यंत पाणी भरून बसू नका. पीएच ७.२ ते ७.४ आला की मग १० ला न्या. त्याच दिवशी वापरा. आणि कोरडं हायड्रॉक्सिलअमाइन कधीही गरम करायचं नाही, स्फोट होऊ शकतो.

डिसेंबर-जानेवारीत अजून एक. पुण्यात रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो, सकाळी बेंचवरच्या बाटलीत एसडीएस पांढरं होऊन तळाला बसलेलं असतं. वरवरचं ओतून घेतलंत तर चार टक्के म्हणता म्हणता एक टक्काही हाती लागत नाही आणि ब्लॉकिंग अर्धवट राहतं. ३७ अंशाच्या बाथमध्ये पूर्ण विरघळवून हलवून मग घ्या.

अतिशहाणा
आणि मे महिन्यात एसी बंद पडलेल्या लॅबमध्ये ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे ३६ अंश. प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी पुणं पाहिलेलं नसतं.

निवांत_नेनेवाडा
अ‍ॅसिल-रॅकच्या बाजूने चार शब्द. पेगला दर बँड वेगळा दिसावा लागतो. एन्झाइम १३० केडीएचं असेल तर ५ केडीएचा पेग सहजी दिसत नाही, १० केडीएचा घ्यावा लागतो, ६ टक्के जेल लागते, आणि पेग लागलेलं मोठं प्रोटीन मेम्ब्रेनवर नीट ट्रान्सफर होत नाही. अँटिबॉडीचा एपिटोप सिस्टीनजवळ असेल तर पेग तो झाकून टाकतो, हे वेगळंच. अशा वेळी रॅक बरं.

रॅकमध्ये ब्लॉकिंगला एमएमटीएस ०.१ ते ०.२ टक्के, २.५ टक्के एसडीएस, १०० मिलिमोलर हेपीस पीएच ७.५, १ मिलिमोलर ईडीटीए, ४२ अंशाला १५ ते २० मिनिटं, मधूनमधून व्होर्टेक्स. थंड अ‍ॅसिटोन तीन पट, मग ७० टक्के अ‍ॅसिटोनने पेलेट फोडून फोडून धुवा. धुणं हाच सगळा खेळ आहे. एमएमटीएस उरलं तर नवीन सुटलेले थायोल तेच गिळतं आणि पट्टी येतच नाही. १ टक्का एसडीएसमध्ये विरघळवून दोन भाग, थायोल पकडणारे सेफरोजचे मणी, हायड्रॉक्सिलअमाइन शेवटी ०.४ मोलर, दुसऱ्या भागात मीठ, दोन-तीन तास फिरवा. पाच वेळा धुवा, ५० मिलिमोलर डीटीटीने काढा.

आणि एमएमटीएस डायसल्फाइड बनवून ब्लॉक करतं, म्हणून पुढे कुठल्याही पायरीत डीटीटी किंवा टीसीईपीचा थेंब पडला तर ब्लॉक सुटतं आणि सगळंच ‘पामिटॉयलेटेड’ दिसतं. एनईएमला ती भीती नाही.

पाषाणकर
माझं ६० केडीएचं आहे. म्हणजे पेग चालेल. कंट्रोल कुठले?

थायोएस्टर_ताई
त्याच ब्लॉटवर कॅलनेक्सिन किंवा फ्लोटिलिन-१, यांच्यावर पामिटेट असतंच, म्हणून हे हमखास येतात. आले नाहीत तर प्रयोग फसला, तुमच्या एन्झाइमबद्दल काहीच बोलू नका. मीठवाल्या लेनमध्ये पट्टी आली तर ब्लॉकिंग कच्चं. आणि दोन सिस्टीनचं म्यूटंट त्याच जेलवर हवंच. पट्टी गेली तरच साइट तुमची.

हायड्रॉक्सिलअमाइनला प्रतिसाद म्हणजे पामिटेटच असंही नाही. कुठलाही थायोएस्टर तुटतो. युबिक्विटिनची ई-१ आणि ई-२ एन्झाइम्स, लिपोअमाइडवालं पायरुव्हेट डीहायड्रोजनेज, सगळी त्यात येतात. प्रोटिओमिक्सच्या यादीत नाव आहे एवढ्यावर विसंबू नका ते यासाठीच.

कार्बनचोर
मग १७-ओडीवायए (खूण असलेलं फॅटी अ‍ॅसिड) पेशींना द्या आणि क्लिक रिअ‍ॅक्शनने त्या खुणेला रंग जोडा, फॅटी अ‍ॅसिड थेट दिसेल.

थायोएस्टर_ताई
हे मात्र चांगलं सुचवलंत. २० ते ५० मायक्रोमोलर, फॅटी अ‍ॅसिड नसलेल्या बीएसएबरोबर बांधून, सीरम काढून किंवा कमी करून, नाहीतर सीरममधलंच फॅटी अ‍ॅसिड पुढे जातं. क्लिकला कॉपर सल्फेट १ मिलिमोलर, टीसीईपी १ मिलिमोलर, टीबीटीए १०० मायक्रोमोलर. लायसिसमध्ये ईडीटीए नको, कॉपर खाऊन टाकतं. जेलच्या लोडिंग बफरात डीटीटी जास्त आणि वर उकळणं, की लेबल गेलं.

त्याच जेलचा एक तुकडा हायड्रॉक्सिलअमाइनमध्ये भिजवा. सिग्नल गेला तर थायोएस्टर, राहिला तर अमाइड.

शनिवारपेठी
अवांतर: अमाइडवर आठवलं. हेजहॉग या सिग्नल प्रोटीनवर पामिटेट अमाइडनेच लागतं, एचएचएटी हे एन्झाइम लावतं, हायड्रॉक्सिलअमाइनला दाद देत नाही. आणि अ‍ॅबल कायनेजमध्ये मिरिस्टेट मेम्ब्रेनकडे जातच नाही, स्वतःच्याच कायनेज डोमेनच्या खोबणीत शिरून एन्झाइम बंद करतं. अ‍ॅसिमिनिब हे ल्युकेमियावरचं औषध त्याच खोबणीत बसतं. २०२१ साली अमेरिकेत मंजूर झालं. फॅटी अ‍ॅसिड म्हणजे फक्त पत्ता, असं म्हणणाऱ्यांसाठी हे.

मायसेल_नको
अवांतर कसलं, मुद्द्याचं आहे. थेट कामावर परिणामाचं अजून एक: सोडियम-पोटॅशियम पंप. त्याच्या शेजारी बसणारं फॉस्फोलेमन, सिस्टीन-४० आणि ४२. डीएचएचसी-५ पामिटेट लावतं आणि पंप मंदावतो.

जेल_आणि_जिलबी
आणि उलट बाजूचं बेस-१ (एपीपी हे प्रोटीन कापून अल्झायमरमधलं अमायलॉइड बनायला लावणारं एन्झाइम) विसरू नका. चार सिस्टीनवर पामिटेट. पेशींमध्ये ते काढलं तरी एपीपीचं कापणं चालूच राहिलं, म्हणून २००९ च्या सुमारास ‘गरज नाही’ असं ठरलं. २०१७ मध्ये उंदरांत तेच म्यूटंट घातलं तर अमायलॉइड कमी निघालं. हेकसारख्या लॅबमधल्या पेशीत फरक दिसला नाही म्हणून विषय संपत नाही.

पाषाणकर
खूप मिळालं. आता कोणतं डीएचएचसी हे शोधायला २३ ही एकेक करून सोबत एक्स्प्रेस करायची का?

निवांत_नेनेवाडा
करा, पण डीएचएचसी-३ आणि ७ जवळपास सगळ्यावर चढतात. जास्त एक्स्प्रेस केल्यावर कोण चिकटवू शकतं ते कळतं, पेशीत खरंच कोण चिकटवतं ते नाही. जे दोन-तीन वर येतील त्यांचं नॉकडाउन करून पेगमध्ये अंतर्गत (पेशीच्या स्वतःच्या) प्रोटीनवरच्या पामिटेटचं प्रमाण घटतं का ते बघा. आणि प्रत्येकाचं डीएचएचएस म्यूटंट (शेवटच्या सिस्टीनच्या जागी सेरीन, म्हणजे मेलेलं रूप) सोबत हवंच.

पाषाणकर
मग क्रम असा ठेवतोय: आधी पेग, तोही अंतर्गत प्रोटीनवर. प्रमाण बरं निघालं तर बिनडिटर्जंट मेम्ब्रेनवर अ‍ॅसे, मग एपीटी-२. सरफेस बायोटिनिलेशन आणि सायक्लोहेक्झिमाइड चेज शेजारी, म्हणजे प्लाझ्मा मेम्ब्रेनवर किती आणि टिकतं किती हेही कळेल. ‘पत्ता की काम’ हे तोवर लिहीत नाही.

मायसेल_नको
चालेल. फक्त मूळ अ‍ॅसेत निम्मं प्रॉडक्ट आलं तेव्हा म्यूटंट प्रोटीनच निम्मं होतं का, ते ब्लॉटवर आधी बघा. पामिटेट नसलेलं प्रोटीन बऱ्याचदा युबिक्विटिन लागून लवकर संपतं. ट्यूबमधला व्हीमॅक्स एकूण प्रोटीनवर काढलात की एन्झाइमच्या बँडवर?

पाषाणकर
एन्झाइमच्या बँडवर. पेशीतलं प्रॉडक्ट मात्र एकूण प्रोटीनवर.

जेल_आणि_जिलबी
मग दोन्ही एकाच गोष्टीवर काढा, बाकी सगळं त्यानंतर. आणि बँड मोजताना लायसेट ३७ अंशालाच, उकळलेला नाही, नाहीतर विहिरीत अडकलेलं प्रोटीन हिशोबातच येणार नाही.